आठवड्याचे १६८ तास

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

डिसेंबरचा पहिला रविवार पुण्यात मोठा गमतीचा असतो. १९८३ साली सुरू झालेली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन परंपरेनं याच रविवारी होते. पहाटेच्या अंधारात हजारो माणसं पायांत बूट चढवून रस्त्यावर उतरतात. आणि जगभर घेतली जाणारी जपानी भाषेची परीक्षा, जेएलपीटी, तिचा हिवाळ्यातला दिवसही डिसेंबरचा पहिला रविवारच. पुणे हे त्या परीक्षेचं जुनं केंद्र आहे. २०२४ साली दोन्ही गोष्टी १ डिसेंबरलाच आल्या होत्या.

आता कल्पना करा, एखाद्या मुलीनं किंवा मुलानं वर्षभर दोन्हींची तयारी केली आहे. नोकरी सांभाळून जपानीचा क्लास केला आहे आणि रोज पहाटे पळायलाही गेली आहे. तिनं काय करायचं? पहाटे तीन-साडेतीनला उठून बेचाळीस किलोमीटर पळायचं, आणि मग परीक्षेच्या खोलीत बसून एकदाच ऐकवला जाणारा जपानी संवाद समजून घ्यायचा? हे ज्याला जमेल त्याला नमस्कार. बाकीच्यांना दोहोंतलं एक निवडावं लागतं.

आज मला ज्याबद्दल बोलायचं आहे ते हेच. पूर्ण वेळ नोकरी, एखादी नवी भाषा, प्रवासाची हौस आणि धावणं, सायकल, पोहणं यांसारखा दमसास लागणारा खेळ, या चारही गोष्टी एका माणसाला झेपतात का? की आपली जुनी म्हणच खरी, एक ना धड भाराभर चिंध्या?

उदाहरणासाठी आपण कात्रजला जाऊ. कात्रजच का? तर या चारही गोष्टी तिथल्या माणसाच्या दाराशी आहेत, आणि चारही गोष्टींची अडचणही दाराशीच आहे. घराबाहेर पडलं की जुना कात्रज घाट. सायकलवाल्यांना आणि पळणाऱ्यांना याहून चांगला चढ शहरात शोधून सापडायचा नाही. जुन्या बोगद्याच्या डोक्यावरून सिंहगडाकडे जाणारी डोंगरधार ही पुण्याच्या गिर्यारोहकांची प्राथमिक शाळा. कात्रज ते सिंहगड रात्रभर चालत जायचं, वाटेत किती टेकड्या लागतात ते मोजणाऱ्यागणिक बदलतं, पण बहुतेक जण तेरा म्हणतात. भाषा शिकायची तर फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. शहरात जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन आहे, फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज आहे. आणि नोकरी? ती अनेकांची हिंजवडीला. म्हणजे शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. वारजे, चांदणी चौक, बाणेर, वाकड असं करत बाह्यवळण रस्त्यानं सुमारे २५ किलोमीटर. वाहतूक दाटली की जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत आली. स्वारगेट ते कात्रज या भुयारी मार्गाला त्याच वर्षी मंजुरी मिळाली, पण मंजुरीवर बसून काही कोणी कचेरीत जात नाही.

तेव्हा आधी साधा हिशेब मांडू. आठवड्याचे तास १६८. रोज साडेसात तास झोप धरली तर साडेबावन्न तास गेले. पाच दिवस नऊ तास नोकरी, म्हणजे ४५. रोजचा अडीच तासांचा प्रवास, म्हणजे साडेबारा. आंघोळ, जेवण, घरकाम, भाजी-बाजार, मुलांचा अभ्यास, आईवडिलांची विचारपूस याला रोजचे निदान चार तास, म्हणजे २८. बेरीज झाली १३८. उरले ३० तास. हौशी धावपटूला मॅरेथॉनच्या तयारीत आठवड्याला आठ तास लागले, भाषेला सहा तास लागले, तरी सोळा तास शिल्लकच!

कागदावर सगळं बसतं. मग प्रत्यक्षात का बसत नाही?

कारण सगळे तास सारखे नसतात. सकाळी सहाचा तास आणि रात्री दहाचा तास घड्याळात तेवढाच असतो, डोक्यात नसतो. शिवाय शिल्लक राहिलेले तास सलग मिळत नाहीत. ते सुट्या पैशांसारखे खिशाखिशांतून विखुरलेले असतात. इथं वीस मिनिटं, तिथं पंचवीस. चिल्लर जमा करून कापड घेता येतं, पण दुकानदार एका वेळी द्या म्हणतो. लांब पल्ल्याचं धावणं तसं आहे. अडीच तास सलग लागतात, आठ वेळा वीस मिनिटं धावून ते होत नाही. भाषेतल्या शब्दांचं तसं नाही. ते चिल्लरीत भागतं, उलट चिल्लरीतच जास्त चांगलं भागतं.

हे मी मनानं सांगत नाही. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८८५ साली स्मरणशक्तीवर पुस्तक लिहिलं. स्वतःवरच प्रयोग करून त्यानं पाहिलं, की निरर्थक अक्षरांची एक यादी एका दिवसात ६८ वेळा घोकून जेवढी पक्की होते, तेवढीच ती तीन दिवसांत विभागून ३८ वेळा घोकली तरी होते. म्हणजे मेहनत जवळजवळ निम्मी! आपल्याकडे रविवारी चार तास बसून आठवड्याचा अभ्यास उरकणारे पुष्कळ असतात. त्याऐवजी रोज पंचवीस मिनिटं बसा, कमी वेळात जास्त पदरात पडेल. कात्रजहून निघणाऱ्या बसमधला जो सव्वा तास आपण शिव्या घालत काढतो, त्यातली पंचवीस मिनिटं त्यासाठी पुरेत. एक पथ्य मात्र पाळायचं. वही उघडून शब्द नुसते वाचायचे नाहीत. अर्थ झाकून आठवायचे, मग ताडून पाहायचे. आठवण्याची झटापट हाच खरा अभ्यास.

व्यायामाचं गणित याहून वेगळं आहे आणि नोकरदाराच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं आहे. अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काही प्रयोग केले. त्यांनी माणसांना दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज चाळीस मिनिटं कडक व्यायाम करायला लावला. शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता चांगली वाढली. मग काहींचे दिवस सहावरून चारवर आणले, काहींचे दोनवर. पंधरा आठवड्यांनी पुन्हा मोजलं, तर वाढलेली क्षमता दोन्ही गटांत टिकून होती! पुढच्या प्रयोगांत दिसलं, की व्यायामाचा वेळ कमी केला तरी ही क्षमता बरीचशी टिकते, पण जोर कमी केला तर ती घसरते. आणि वेळ फारच कापला तर लांब पल्ल्याचा दमसास थोडा उतरतो.

याचा साधा अर्थ असा, की कमवायला जेवढं लागतं, त्यापेक्षा कमावलेलं राखायला पुष्कळ कमी लागतं. आणि माझ्या मते या सगळ्या कसरतीची किल्ली इथं आहे. चारही गोष्टी एकाच वेळी वाढवता येत नाहीत. पण एक वाढवायची आणि बाकीच्या राखायच्या, हे साध्या माणसाला जमण्यासारखं आहे. तीन-चार महिने एकीची पाळी, मग दुसरीची. आपले शेतकरी तरी काय करतात? खरिपाच्या वेळी खरीप, रब्बीच्या वेळी रब्बी. जमीन तीच, पण सगळी पिकं एकाच महिन्यात कोणी पेरत नाही.

पुण्याच्या वर्षात हे कसं बसवायचं ते पाहू. पुन्हा आपल्या जपानी शिकणाऱ्या मुलीचं उदाहरण घेऊ. जेएलपीटी वर्षातून दोनदा होते. डिसेंबरचा पहिला रविवार सोडला, तर जुलैचा पहिला रविवार आहेच. तिनं जानेवारी ते जून हे भाषेचे महिने ठरवावेत. या काळात धावायचं ते आठवड्यातून दोनदा-तीनदा. त्यातला एक दिवस घाटाच्या चढावर चांगला दम लागेल असा, आणि शनिवारी किंवा रविवारी एक जरा लांबची फेरी. नाही तरी एप्रिल-मे मध्ये पुण्याचं ऊन लांब पळायला चांगलं नसतंच. जुलैत परीक्षा झाली की दोन-चार आठवडे शरीराला आणि मेंदूला मोकळीक द्यायची, कुठं जायचं असेल तर जायचं. मग ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत जवळजवळ सोळा आठवडे मिळतात. मॅरेथॉनच्या तयारीला साधारण तेवढेच लागतात. या सोळा आठवड्यांत भाषेचं नवं व्याकरण शिकायचं नाही, फक्त बसमधली पंचवीस मिनिटं सोडायची नाहीत. शिकलेलं वाहून जाऊ नये एवढाच बांध घालायचा.

आता तुम्ही म्हणाल, यात प्रवास कुठं आला? प्रवासाचं चलन पैसा तर आहेच, पण नोकरदाराला त्याहून दुर्मीळ म्हणजे रजा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्याला कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. ही दुसरी रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. बहुतेक लोक एक-एक दिवस लग्नाला, मुंजीला, गॅसवाल्याला असा खर्च करतात आणि डिसेंबरात म्हणतात, फिरायला रजाच नाही. शक्य असेल तिथं एका रजेत दोन कामं करावीत. जर्मन शिकत असाल आणि धावत असाल, तर बर्लिनची मॅरेथॉन सप्टेंबरात असते. फ्रेंच शिकणाऱ्या सायकलवाल्याला पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी १,२०० किलोमीटरची सायकलवारी आहे. तिचा इतिहास १८९१ पर्यंत मागे जातो. आता ती चार वर्षांतून एकदा, ऑगस्टात होते. २०१९ साली झाली, २०२३ साली झाली. जास्तीत जास्त नव्वद तास मिळतात. पण त्याच वर्षी आधी आपल्या भागात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या वाऱ्या वेळेत पुऱ्या कराव्या लागतात. दोनशेला साडेतेरा तास आणि सहाशेला चाळीस तास. रात्री अडीचला एखाद्या फ्रेंच खेड्यात कॉफी देणाऱ्या आजीबाईंशी चार वाक्यं बोलता येणं, यासाठी शिकलेली फ्रेंच कुठल्याही परीक्षेपेक्षा जास्त लक्षात राहील.

परदेशीच गेलं पाहिजे असं मात्र नाही. एखाद्या शनिवारी रात्री कात्रज–सिंहगड केला तर प्रवासही होतो आणि दमसासही. फक्त वाट माहीत असलेल्यांच्या बरोबर जावं, आणि रविवार झोपेसाठी मोकळा ठेवावा.

काही गोष्टी एकत्र करता येतात, काही येत नाहीत. हलक्या गतीनं धावताना भाषा ऐकता येते, पण नवं व्याकरण डोक्यात शिरत नाही. भरधाव धावताना काहीच ऐकू नये. रस्त्यावर तर कानांत यंत्र घालूच नये, मैदान किंवा टेकडी असेल तरच. आणि नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणारा महामार्गाचा उतार अपघातांसाठी किती बदनाम आहे हे कात्रजकरांना सांगायला नको. सरावासाठी तिकडे फिरकूसुद्धा नये. एक युक्ती मात्र सुचवतो. हलकं धावणं म्हणजे किती हलकं, असं नवे लोक विचारतात. त्याचं जुनं माप असं, की धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मग ते वाक्य जर्मनमध्ये किंवा जपानीत बोला ना! वाक्याच्या मध्येच श्वास तुटला तर तुम्ही जास्त वेगानं पळताय. श्वास आहे पण वाक्य तुटलं, तर अभ्यास कमी पडतोय. लोक वळून पाहतील, पाहू देत.

आता जरा काळजीच्या दोन गोष्टी. पहिली झोप. वर मांडलेल्या हिशेबात साडेबावन्न तासांवर सगळ्यांचा डोळा असतो. पहाटे चारला उठायचं आणि रात्री बारापर्यंत जागायचं, हे काही लोक मोठ्या अभिमानानं सांगतात. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या दोन मोठ्या संस्थांनी २०१५ साली पुरावे तपासून एकमतानं सांगितलं, की प्रौढ माणसाला रोज निदान सात तास झोप हवी. आपल्या विषयात तर झोपेला दुहेरी काम आहे. दिवसा शिकलेले शब्द झोपेत पक्के होतात, आणि धावून थकलेले स्नायूही झोपेतच सावरतात. म्हणजे झोप कापून अभ्यास केला तर अभ्यास गळतो, झोप कापून व्यायाम केला तर व्यायाम अंगी लागत नाही. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडी मोजण्याची सवय ठेवा. नेहमीपेक्षा ती काही दिवस सलग वाढलेली दिसली, चिडचिड होऊ लागली, साधा चढही जड वाटू लागला, तर एक आठवडा सराव निम्म्यावर आणा. आणि छातीत दुखणं, चक्कर असलं काही असेल तर सल्ला डॉक्टरांचा घ्या, मित्रांचा नाही.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. आपण जो वेळ काढतो तो येतो कुठून? वरच्या हिशेबात मी घरकामाला रोजचे चार तास धरले. पण ते चार तास सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाहीत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं आढळलं, आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. फरक तीन तासांहून जास्त! तेव्हा एखादा गृहस्थ रविवारी पहाटे घाट चढून दहाला घरी येतो आणि म्हणतो, मी वेळेचं नियोजन चांगलं केलं, तेव्हा त्या चार तासांत मुलांचं दूध, नाश्ता, पाणी भरणं कोणी केलं ते विचारायला हवं. पुष्कळदा नियोजन त्याचं असतं आणि वेळ बायकोचा असतो. तीच गोष्ट उलट बाजूनं पाहा. त्याच घरातल्या बाईला संध्याकाळी भाषेचा क्लास लावायचा असेल, तर तिचा हिशेब १३८ तासांवर थांबतच नाही. जिद्द कमी म्हणून ती मागे राहते असं नाही, तिच्या हाती तीस तास उरतच नाहीत.

म्हणून पाळी ही कल्पना घरातही आणावी. या चार महिन्यांत तुझी मॅरेथॉन, पुढच्या चार महिन्यांत माझा क्लास. ज्याची पाळी असेल त्याच्या घरातल्या कामांतली नेमकी कोणती कामं दुसरा करणार, हे बोलून ठरवावं. मदत करीन असं मोघम नको. शनिवारची भाजी, मंगळवारचा स्वयंपाक, मुलांना शाळेत सोडणं, असं नावानिशी ठरवावं.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू आठवतात. दोघेही डॉक्टर, दोघांचाही व्यवसाय चालू. २०१५ साली त्यांनी अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा किनारा, सुमारे ४,८०० किलोमीटर, ही सायकल शर्यत दोघांचा संघ म्हणून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. ती पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ. त्या प्रकारात एक जण सायकल चालवतो तेव्हा दुसरा गाडीत विश्रांती घेतो, खातो, झोपतो. आणि बरोबर मदतनिसांचा ताफा असतो. दोघांनी एकाच वेळी पायडल मारत राहायचं ठरवलं असतं, तर ते पोचले नसते.

विनोबांचंही उदाहरण लोक देतात. वेल्लोरच्या तुरुंगात ते दक्षिणेकडच्या चार भाषा शिकले, १९५१ पासून तेरा वर्षं भूदानासाठी देशभर पायी फिरले, आणि त्या वाटचालीतही त्यांचं शिकणं-शिकवणं चालू राहिलं. काम, भाषा, प्रवास, चालणं, चारही गोष्टी एकाच माणसात! पण विनोबांना घरसंसार नव्हता. त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच, की रोज चुकता न चुकता थोडंथोडं. बाकीचं आपल्याला झेपणारं नाही.

आज रविवार आहे. एक कोरा कागद घ्या. त्यावर तुमच्या चार गोष्टी लिहा, तीन असतील तर तीन. पुढच्या चार महिन्यांत यांतली कोणती वाढवायची, तिच्यापुढं खूण करा. बाकीच्यांपुढं ती राखायला आठवड्याला किती मिनिटं लागतील, तो आकडा लिहा. मग तो कागद घरच्यांना दाखवा आणि त्यांची पाळी कोणत्या महिन्यापासून सुरू होते, तेही त्याच कागदावर त्यांच्याच हातानं लिहून घ्या.